व्हर्ना लेझामाची पाठ

टेकडीवरच्या यार्डात, म्हणजे आमच्या बँडच्या सरावाच्या अंगणात, नवी चाल शिकवताना व्हर्ना लेझामा वाजवणाऱ्यांकडे पाठ करून उभी राहत असे. समोर तिचा टेनर पॅन, म्हणजे पत्र्यावर सुरांचे खळगे ठोकलेले उंच आवाजाचे पिंप, हातांत टोकाला रबर गुंडाळलेल्या काठ्या आणि मागे तिच्या विभागातली माणसे. ती ओळ आधी गाऊन दाखवी, मग वाजवी, आणि मान न वळवता म्हणे, "हं, आता तुम्ही." कागदावरचे सूर आमच्यातल्या फार थोड्यांना वाचता येतात. चाल तोंडातून कानात आणि कानातून हातात जाते, अशी तिची श्रद्धा होती. वाजवणाऱ्याने हातांकडे बघू नये म्हणूनच ती पाठ फिरवी.

तिच्यापुरती ही श्रद्धा खरीही होती. टेकडीखालून येणारा माणूस ती खोकल्यावरून ओळखी. नवऱ्याने मिशी काढली हे मात्र तिला आठवड्याने कळले, तेही शेजारणीने सांगितल्यावर. माझी जागा मागे, बेसच्या पिंपांमध्ये. तिथून मला ती कायम पाठमोरीच दिसली, आणि तिच्या डाव्या खांद्यामागे मान किंचित लांब करून उभा असलेला ऑस्विन पँटिन दिसला.

ऑस्विन जन्मभर पोस्टमन होता. टेकडीवरची घरे त्याला नावांनी आठवत नसत, फाटकांच्या रंगांनी आठवत. त्याने एखादी चाल गुणगुणल्याचे कुणी ऐकलेले नाही. एखादी जुनी चाल कशी होती असे विचारले, तर तो बोटाने हवेत रेघ काढून म्हणे, "ती ना? ती उजव्या काठावरून आत येते, मधे घुटमळते आणि चिडल्यासारखी परत काठाला जाते." आम्ही हसत असू. मग तो ती वाजवी, आणि ती तंतोतंत तीच असे.

व्हर्नाचा थोरला भाऊ कार्लाइल आमच्या चाली बसवत असे. तो गेला त्या वर्षी व्हर्नाने बँडचे पॅन बदलायचे ठरवले. पिंपाच्या पत्र्यावर कोणता सूर कुठे ठोकायचा, याची आमची रीत जुनी आणि एकट्या आमचीच होती. इतर बँडमधून आलेली मुले तिच्यावर अडखळत. तेव्हा नव्या पॅनवर सूर सगळीकडे असतात तसे मांडून घेतले आणि जुने पॅन भंगाराच्या गाडीवर चढवले. निर्णय शहाणपणाचाच होता. व्हर्नाला नव्या मांडणीचा फारसा त्रासही झाला नाही. सूर कानात पक्का असल्यामुळे तिचे हात दोन-चार रविवारांत त्याच्या मागे गेले.

ऑस्विनचे हात गेले नाहीत. पहिल्याच रविवारी दुपारी त्याने ओळखीची चाल सुरू केली, आणि पॅनमधून कुणी रागाने भांडी घासावीत तसा आवाज निघाला. त्याची काठी जुन्या जागी अचूक पडत होती. त्या जागी सूर दुसराच होता. त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. कुणीतरी खुदकन हसले.

व्हर्ना या वेळी वळली. "ऑझ, म्हणजे इतकी वर्षं तुझ्या कानात काही शिरलंच नव्हतं म्हणायचं. माझे हात चोरून चोरून वाजवत होतास की रे."

आमच्या यार्डात टोमण्याला टोमणाच द्यावा लागतो; ज्याला देता येत नाही तो हरला. ऑस्विन एरवी हरणारा नव्हता. एकदा व्हर्नाने त्याला विचारले होते, "काय रे, चाल पाठ झाली का?" तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "चाल कसली, बाई? मला तुझी पाठ तेवढी पाठ झालीय." त्या दिवशी मात्र तो काही बोलला नाही. त्याने काठ्या पॅनमध्ये आडव्या ठेवल्या. पुढच्या रविवारपासून तो पॅनचे गाडे ढकलणाऱ्यांत दिसू लागला. त्याचे न बोलणे म्हणजे कबुली, असा व्हर्नाने अर्थ लावला. तो अर्थ तिला सोयीचाही होता.

कार्लाइलच्या पहिल्या स्मृतिदिनाची प्रार्थना जवळ आली तेव्हा व्हर्नाने आईला शब्द दिला, की चर्चच्या अंगणात त्याची स्वतःची चाल वाजेल. ती त्याने तरुणपणी बांधली होती, एका मोसमात वाजली होती आणि मग मागे पडली होती. सुरुवात व्हर्नाला येत होती, शेवटही येत होता. मधला भाग येत नव्हता. मध्यात कार्लाइलने मुख्य ओळ दुसऱ्या टेनरांना स्वतः वाजवून दाखवून त्यांच्याकडे सोपवली होती आणि व्हर्नाच्या वाट्याला वरची झालर दिली होती. त्यामुळे तिच्या कानात तेवढा वेळ स्वतःचीच झालर भरून राहिली होती. दुसऱ्या टेनरांपैकी काही वारले, काही ब्रुकलिनला गेले. उरला होता एकटा ऑस्विन. त्याच्याकडे जायला तिचे पाऊल उचलेना. ज्याला कान नाही असे आपण चारचौघांत सांगितले, त्याच्याकडे सूर मागायला कोणत्या तोंडाने जायचे?

एका दुपारी ती यार्डाची किल्ली ठेवायला आली, तर पॅनच्या खोलीतून तोच भांडी घासल्याचा आवाज येत होता. थांबवावे म्हणून ती दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. सूर एकही बरोबर नव्हता. लय मात्र तिने ओळखली. त्याच लयीवर तिची झालर बसत होती.

"कार्लाइलची ना रे ही?" तिने विचारले.

ऑस्विन दचकला. "ऐकू नकोस. फार घाण वाजतंय."

"मग वाजवतोस कशाला?"

"हात विसरू नयेत म्हणून. मला ती दिसते, व्हर्ना. सगळी दिसते, अगदी शेवटपर्यंत. पण ती ज्याच्यावर दिसते तो पॅनच आता राहिला नाही."

नंतर तिने मला सांगितले, की त्या वाक्यानंतर तिला जे ऐकू येत राहिले ते भंगाराच्या गाडीत पत्र्यावर पत्रा पडल्याचे आवाज होते. आपण नुसती जुनी पिंपे विकली असे ती समजत होती. त्यांच्याबरोबर एका माणसाची सगळी आठवण गेली होती, आणि आपल्या भावाची चालही.

दुसऱ्या दिवशी ती ऑस्विनच्या ओसरीवर गेली. त्याने मॉबीचा पेला पुढे केला. त्या कडू सरबतात त्याने साखर घातली नव्हती की ती त्याच्याकडे नव्हतीच, हे विचारायची तिला हिंमत झाली नाही. टेबलावर त्याने खडूने जुना पॅन काढला, एकेक खळगा जागच्या जागी. पण कोणत्या खळग्यात कोणता सूर होता, हे त्याला सांगता येईना. त्याने सूर कधी नावाने ओळखलेच नव्हते. व्हर्नाला सूर ठाऊक होते, पण चित्राकडे बघून तिला काहीच उमगेना. ज्या पॅनवर तिची उमेदीची वर्षे गेली, त्याचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता.

"डोळे मीट," ऑस्विन म्हणाला. "गा, आणि हात जातील तिथे जाऊ दे."

ती हळू आवाजात, जुन्या पॅनवरच वाजवलेले एक प्रार्थनागीत गाऊ लागली. काठ्या लाकडावर पडत गेल्या आणि जिथे पडल्या तिथे तिने सुराचे नाव सांगितले, त्याने ते खडूने लिहिले. कोपऱ्यातल्या काही खळग्यांसाठी तिला दुसरी गाणी आठवावी लागली. मग त्याने काठ्या घेतल्या. तो त्या मुक्या चित्रावर कार्लाइलची चाल वाजवत गेला आणि ती अक्षरे वाचत मागोमाग गात गेली, चाचपडत, ठेचकाळत. मध्यावर ती गायची थांबली.

"चुकलं?" त्याने विचारले.

"नाही. बरोबर आहे. पुढे चल."

संपल्यावर ती म्हणाली, "ऑझ, त्या रविवारी मी जे बोलले..."

"ते मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "मला कान नाहीत ना."

हा टोमणा होता, म्हणजे यार्डाच्या हिशेबाने तो परत खेळात आला होता. पण तो हसला नाही.

पुढच्या रविवारी तिने त्याला गाड्यावरून बोलावून टेनरांत उभे केले. नव्या जागांवर पडणारे हात त्याला नीट दिसावेत म्हणून तिने आपला पॅन उलटा फिरवला आणि ती त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. इतक्या वर्षांत शिकवताना ती आम्हा सगळ्यांना प्रथमच समोरून दिसली. ऑस्विनने थोडा वेळ पाहिले आणि मान हलवली.

"असं नको. समोरून सगळं उलटं दिसतं. डावं उजवीकडे जातं. आधी उभी राहायचीस तशीच राहा."

"पाठ करून?"

"पाठ करूनच. कोपर तेवढं अंगाशी धर. ते मधे यायचं नेहमी."

ती वळली. कोपर तिने अंगाशी घट्ट धरले आणि कार्लाइलची चाल इतकी संथ घेतली की पुढच्या रांगेतली पोरे चुळबुळू लागली. ऑस्विन तिच्या डाव्या खांद्यामागे मान लांब करून उभा होता. तो काय शोधतो आहे, त्याच्या चेहऱ्यावर काय आहे, हे तिला दिसत नव्हते. ऐकू मात्र येत होते: मागे एक काठी चुकीच्या जागी पडत होती, थांबत होती, आणि पुन्हा पडत होती. एरवी ती म्हणाली असती, "हं, आता तुम्ही." त्या दिवशी तिने तसे म्हटले नाही. तीच ओळ तिने पुन्हा पहिल्यापासून घेतली.