निम्मी घोषणा

मावशी कधीच पूर्ण घोषणा देत नसे. "पाणी आमच्या" एवढंच म्हणायची आणि हात वर करून थांबायची. "हक्काचं" हे लोकांनी म्हणायचं. मलकापूरच्या तहसील कचेरीसमोर माईक बंद पडला तरी तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. नांदुऱ्याकडच्या खेड्यातली, दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणारी बाई. तिचं खरं नाव पाण्यासाठी लढणाऱ्या संघटनेतल्या आम्हा पोरांना कितीतरी दिवस ठाऊक नव्हतं. सगळे घोषणामावशीच म्हणत.

मी संघटनेची पत्रकं लिहायचो, म्हणून मी 'पत्रक्या'. पत्रक वाचून दाखवलं की तिसऱ्या ओळीला ती जांभई देई. "एवढं कोण वाचते बे? सारं तूच बोलला तं लोकं काय करतीन? निम्मं आपण म्हणावं, निम्मं लोकाईले ठेवावं." मी निमूट खोडायचो.

संघटनेनं गावात तपासणी शिबिर भरवलं तेव्हा बाया लाजून दाराशीच उभ्या राहिल्या. मावशी म्हणाली, पह्यले मले तपासा. डॉक्टरीणबाईंनी मानेला नळी लावली आणि तिथंच थांबल्या. आत सूं सूं आवाज येत होता. "आतली बी घोषणाच देऊन राह्यली असन," मावशी म्हणाली. बाया हसल्या आणि रांग लागली.

अकोल्याला सोनोग्राफी झाली. मेंदूकडे जाणारी डावी रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली. तिला मात्र काहीच होत नव्हतं. ना चक्कर, ना मुंग्या. तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. अशी नस असलेल्या बहुतेकांना लकवा होत नाही, थोड्यांना होतो. ऑपरेशनमध्येही लकव्याचा धोका असतो, म्हणून सरसकट कुणाला कापत नाहीत. मावशी कुठल्यात मोडते, हे नुसत्या अरुंदपणावरून ठरत नाही. नसेत साचलेला चरबीचा थर मऊ आहे की कडक, अरुंदपणा वाढतोय का, मेंदूत नकळत बारीक इजा झाल्यात का, हे पाहावं लागतं. तोवर गोळ्या, तंबाखू बंद, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

गोळ्या तिनं इमानानं घेतल्या. तंबाखूची डबी विहिरीत टाकली. पण अकोल्याचा खर्च पुन्हा झेपणारा नव्हता, म्हणून फेरतपासणीला जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो तर मशीनवर चादर. मशीन आहे, चालवणारा माणूस नाही. पुन्हा गेलो, पुन्हा चादर. खिडकीतल्या माणसानं विचारलं, त्रास काय होतो? मावशी खरं बोलली, काहीच नाही. "मंग येता काऊन?" तो म्हणाला.

मी भडकलो. मोर्चा काढू म्हणालो. जिनं सगळ्यांसाठी घसा फोडला, तिनं माझा हात धरून मला बाहेर आणलं. "दुखत नाही, खुपत नाही. काय सांगू मी लोकाईले? ज्याले दुखते त्याचा मोर्चा असते, पत्रक्या."

तिचं हे एकच वाक्य मी कधी मानलं नाही. दुखेपर्यंत थांबवतो त्याला दवाखाना म्हणू नये. तपासणी झाली असती तर मावशी वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण स्वतःचा धोका जाणून घेणं हा तिचा हक्क होता, आणि त्या हक्कावर चादर घातलेली होती.

हरभरा सोंगताना तिच्या उजव्या हातातून विळा गळाला. मग तोंड वाकडं झालं, मग वाचा गेली.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. भेटायला गेलो त्या दुपारी तिला काहीतरी हवं होतं आणि शब्द सापडत नव्हता. सुनेनं चहा दिला, दूध दिलं. मावशीनं डाव्या हातानं दोन्ही बाजूला सारलं. डोळे भरून आले. आणि अचानक, बाकी शब्द हरवले तरी तोंडात बसलेलं तेवढं उरावं तसा, तोच जुना, खणखणीत आवाज आला.

"पाणी आमच्या"

सून रडत पेला घेऊन आली. मावशीनं तो घेतला नाही. डावा हात वर धरून ती माझ्याकडे बघत राहिली. ती थांबून होती.

मी कसंबसं "हक्काचं" म्हणालो, तेव्हा तिनं हात खाली केला आणि पाणी प्याली.