काहीच न झाल्याचा आनंद

काहीच घडलं नाही म्हणून आनंदाने नाचणारा माणूस सगळ्या भिलाईत एकच, आणि तो माझा सख्खा काका! दुर्गच्या जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत तो ब्रुसेला नावाच्या जंतूच्या हात धुऊन मागे लागलेला. हा जंतू गाईबकऱ्यांचा, कच्च्या दुधातून माणसात शिरणारा. आणि शिरला की ताप असा, की सकाळी गेला म्हणावं तर संध्याकाळी पुन्हा हजर. काका नळ्यांमध्ये जंतू सोडायचा, त्यात औषध घालायचा आणि वाट बघत बसायचा. नळी गढूळ झाली म्हणजे जंतू वाढला, काकाचं तोंड उतरलं. निवळ राहिली की स्वारी खूश! या सवयीपायी टपरीवरचा पाण्याचा ग्लाससुद्धा तो आधी उजेडात धरून बघतो. एकदा तर भर मांडवात, दूध उकळलं होतं का ते आचारी सांगेपर्यंत, मठ्ठ्याचं पातेलंच अडवून बसला. आम्हा भावंडांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि अशा माणसाची बायको माहेरी जाऊन बकरीचं धारोष्ण दूध पिऊन आली! काकू पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला, सेक्टर 2 चं क्वार्टरही तिच्याच नावावर. ती काकाचं ऐकेल तर शपथ. थोड्याच दिवसांत ताप सुरू झाला. तिच्या रक्तातून तोच जंतू उगवला, आणि तोही काकाच्याच प्रयोगशाळेत.

डॉक्टरांनी दोन औषधं जोडीने सुरू केलीच होती, पण आपल्या नळीत दिसल्याशिवाय काकाचा देवावरही विश्वास नाही. त्या दिवसांत तो धड जेवेना, धड बोलेना. एका दुपारी मी काकूच्या उशाशी बसलो होतो, तेवढ्यात स्वारी स्कूटर फाटकातच टाकून धावत आत आली. एकेकटं औषध जरासं घातलं तर नळ्या गढूळ. तेवढंच दोन्ही मिळून घातलं तर अगदी निवळ, असं त्याने हातवारे करकरून आम्हाला सांगितलं.

"काहीच नाही झालं, पाह्य! दोघं मिळून त्याले वाढूच नाही देऊन राहिले!"

काकू पांघरुणातून म्हणाली, "मंग रडून काऊन राहिले तुमी?"

तेव्हा कुठे मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

काकू बरी झाली. गोळ्या संपूनही आता बराच काळ लोटला. तरी दिवेलागणीला, ताप चढायचा त्या वेळी, काका हातातलं काम टाकून तिच्या कपाळावर हात ठेवतो. "काहीच नाही," असं स्वतःशीच म्हणतो, पण हात लगेच काढत नाही. पूर्वी काकू चिडायची. आताशा ती डोळे मिटून तशीच बसून राहते.