शांत पिल्लू

आमच्या कुत्रीची पिल्लं बघायला कुणी आलं की मी ताट आपटायचे. स्टीलचं जेवायचं ताट, पिल्लांच्या पाठीमागे, फरशीवर, दणकन. सगळी पिल्लं एकदम वळायची आणि मी रुबाबात म्हणायचे, "बघा, सगळ्यांचे कान तयार हायत." आमची कुत्री पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली, डाल्मेशियन. या जातीत एखादं पिल्लू बहिरं निघतं असं मी ऐकलं होतं. अख्ख्या मंगळवार पेठेत आपल्याइतकं तपासून कुणी पिल्लू देत नाही, असा माझा तोरा होता.

दुसऱ्या वेताला सहा पिल्लं झाली. त्यातलं एक सगळ्यात देखणं, एक डोळा काळा आणि एक निळसर. गल्लीतून हलगी वाजत गेली की बाकीची पाच घाबरून आईच्या पोटाखाली शिरायची, हे आपलं पाय ताणून झोपलेलं. गारगोटीहून एक नवरा-बायको आले. घरात आजारी सासरे होते, त्यामुळे भुंकून घर डोक्यावर घेणारं कुत्रं त्यांना नको होतं. मी निळ्या डोळ्याचं पिल्लू उचलून त्या बाईंच्या हातात दिलं.

"न्या हे. इतकं शांत पिल्लू तुमास्नी कुटं मिळायचं न्हाय."

पाच दिवसांनी डॉक्टर उरलेल्या पिल्लांना लस टोचायला आले. त्यांनी सहज विचारलं, "निळ्या डोळ्याचं गेलं काय? त्याचे कान बघितलेले न्हवं?"

"बघितले की! ताट वाजवून."

"कुठं वाजवलं?"

मी उत्साहानं ताट आणलं आणि फरशीवर आपटून दाखवलं. डॉक्टर हसले नाहीत.

"काकू, फरशी हादरती. बहिऱ्या पिल्लाला पायातनं कळतंय. आणि भावंडं वळली की ते पण वळतंय. एकेकटं घेऊन, गादीवर बसवून, हवेत वाजवायला पायजे."

गारगोटीचं ते घर रस्त्याला लागून होतं. पुढं मोकळं अंगण, कुंपण नाही, हे त्या बाईंनीच कौतुकानं सांगितलं होतं. मी फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. शेवटी आमचे हे गाडीची किल्ली घेऊन उभे राहिले. "चल. हितं बसून फोनशी भांडण्यापेक्षा जाऊन येऊ."

वाटेत मला त्या पिल्लाबरोबर दुसरंच एक पिल्लू दिसत होतं. पहिल्या वेताचं; दोन्ही वेतांना नर एकच होता. कागलच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या एका माणसानं ते नेलं होतं. महिन्याभरातच तो परत आला, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. पिल्लू टेम्पोखाली गेलं होतं. "रस्त्यात नुसतं बसलेलं, काकू. टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला, पोरीनं हाका मारल्या, पर हललंच न्हाय."

त्यावर मी काय केलं असेल? तोंडाचा पट्टा सोडला. "हलत न्हाय म्हंजे? दार उघडं टाकायचं आणि जनावराला दोष द्यायचा? सांभाळायची अक्कल न्हवती तर नेलं कशाला?" तो खाली मान घालून ऐकत राहिला. मुलीनं त्याचा शर्ट मुठीत धरला होता. मला तेव्हा दोघांचाही राग आला होता, आणि राग आल्याचं थोडं समाधानही वाटलं होतं.

गारगोटीत पोचलो तेव्हा दुपार होती. पिल्लू अंगणाच्या टोकाला, रस्त्यापासून चार हातांवर झोपलं होतं. शेजारून एसटी कर्कश्श हॉर्न देत गेली. मी दचकले, हे दचकले, समोरच्या पारावर बसलेली माणसंसुद्धा वळली. पिल्लानं कानही हलवला नाही. मी धावत जाऊन त्याला उचललं, तर ते घाबरून माझ्या बोटाला चावलं.

बाई हसतमुखानं बाहेर आल्या. "या की ताई! लई शांत हाय बघा, तुमी म्हणालासा तसंच. काल शेजारच्यांनी दारात फटाक्यांची माळ लावली, तरी झोपल्यालंच."

"शांत न्हाय ओ," मी म्हणाले. "बहिरं हाय. माझ्याकडनं चूक झाली. मी ह्याला न्यायला आलीया."

बाईंनी विचारलं, "आन नेऊन काय करणार?"

"माझ्यापाशीच ठेवणार."

"आन परत त्याच नर-मादीची जोड लावणार?"

प्रश्न साधाच होता. पण पुढच्या पिल्लांसाठी तीन घरांना मी आधीच शब्द दिलेला होता. "न्हाय," मी म्हणाले, आणि म्हणताना मला स्वतःचीच लाज वाटली, कारण हे कुणी विचारेपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर कागलच्या त्या माणसाचा नंबर शोधला. फोन लावून सगळं सांगितलं. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दार पोरीनं उघडं टाकल्यालं, काकू. आजून दार लावलंय का न्हाय ते तीन-तीनदा बघती. माझं ऐकत न्हाय. तुमीच सांगा की तिला."

मी थांबा म्हणायच्या आत त्यानं फोन तिच्याकडं दिला.

"हॅलो," बारीक आवाज आला. पिल्लू माझ्या मांडीवर झोपलं होतं. मोठ्यानं बोलले असते तरी ते उठलं नसतं, पण मी हळूच बोलले.

"बाळा, तुझं पिल्लू बहिरं होतं गं. मला ते आधी कळायला पायजे होतं. चूक माझी हाय."

तिनं विचारलं, "मी हाका मारत हुते, त्या त्याला आल्याच न्हाईत?"

"न्हाय गं," मी म्हणाले. "एक पण न्हाय."