पायांनी मिळवलेली बज्जी

मद्रासजवळच्या आमच्या आवडी स्टेशनाच्या आसपास आजवर जेवढी बज्जी तळली गेली असेल, तिच्यातली निम्मी माझ्या साडूच्या पोटात गेली आहे, आणि तरीही पट्टा लावल्याशिवाय त्याची पँट कमरेवर राहत नाही. एवढा अन्याय देवाने दुसऱ्या कोणावर केला नसेल. अन्याय माझ्यावर हो, त्याच्यावर नव्हे. मी नुसत्या तळणाच्या वासाने फुगतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो बँकेत साहेब होऊन निवृत्त झाला, मी इथल्या कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर उभा राहून. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे चारचौघांत तो बोलायचा आणि मी ऐकायचो. त्याचं मला काही वाटत नसे, कारण ताकद माझ्या बाजूला होती. साडू तेव्हा नव्वद किलोचा. त्याच्या घरचा गॅसचा सिलिंडर मी खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढवायचो. वर पोचलो की मेहुणी ताकाचा पेला हातात द्यायची आणि म्हणायची, "भाऊजी आहेत म्हणून आमच्याकडे दोन वेळा शिजतं." ते ताक मी पंधरा वर्षं प्यायलो. तसं ताक पुन्हा कुठे मिळालं नाही.

मग तीन वर्षांपूर्वी एकाच डॉक्टरने एकाच दिवशी आम्हा दोघांना वजन उतरवायला सांगितलं. मी पडलो हट्टी. महिनाभर काकडी आणि पातळ ताकावर राहिलो, घरातल्या सगळ्यांवर ओरडलो आणि नऊ किलो उतरवले. कॉलनीभर सांगून झालं. दिवाळी आली आणि अकरा किलो परत आले. वरचे दोन कोणाचे होते ते अजून कळलेलं नाही. साडूने मात्र सावकाश, वर्षभरात सोळा किलो घालवले आणि त्या किलोंना अजून त्याचा पत्ता सापडलेला नाही.

बरं, त्याने काही सोडलं म्हणावं तर तेही नाही. त्याचा नियम एवढाच की खाऊचा डबा म्हणून घरात ठेवायचा नाही. चिवडा नाही, शेव नाही, मुरुक्कू नाही. जिभेला जे हवं असेल ते जिथे तळतात तिथे पायी जायचं, एकच खायचं आणि पायी परत यायचं. बज्जीसाठी स्टेशन, जाऊन-येऊन दीड तास. मेदूवड्यासाठी देवळापलीकडचं हॉटेल, त्याहून लांब. एकदा त्याला ताजी तळलेली मासळी खावीशी वाटली तर हा पठ्ठ्या समुद्रकाठी कोवलमला गेला, केरळातल्या नव्हे, इथल्या मद्रासजवळच्या. बसने गेला, पण चार थांबे आधी उतरून उन्हातून चालत. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर डोळे मिटून सांगत होता, "एकच तुकडा खाल्ला साडूभाऊ, पण काय तुकडा होता!" मी तेव्हा उकडलेला दुधी खात होतो.

पावसानेही त्याचं अडत नाही. आमच्या मद्रासेत दिवाळीच्या सुमारास आभाळ फाटतं, रस्त्यावर गुडघाभर पाणी. तेव्हा साडू प्लॅटफॉर्म तिकीट काढतो आणि स्टेशनच्या छपराखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतो. तिकीट तपासणाऱ्याने एकदा विचारलं, कोणाला आणायला आलात? हा म्हणाला, "कोणाला नाही, एका वड्यासाठी आलोय." तो माणूस आता त्याला सलाम करतो.

इथली आम्ही मराठी घरं दिवाळीत एकमेकांकडे फराळाचं ताट पाठवतो. साडू निरोप धाडतो, "ताट नको, मीच येतो." मग चार दिवस घरोघर पायी हिंडतो आणि प्रत्येक घरी उभ्या उभ्या एकच चकली खातो, पण अशी खातो की करणारीला वाटावं जन्माचं सार्थक झालं. माझी बायको पहिल्या घाण्यातली चकली त्याच्यासाठी बाजूला काढते. चव्वेचाळीस वर्षं संसार केला, मला पहिल्या घाण्यातली मोडकी मिळते. वर म्हणते, "बघा जरा मेहुण्यांकडे!" बघतोच आहे. दुसरं करतोय काय मी?

शेवटी मी त्याची पद्धत उचलली. फक्त तिच्यात एक सुधारणा केली. तो आधी चालतो आणि मग खातो, मी आधी खाऊन मग चालायचं ठरवलं. दुपारी सहा करंज्या खाल्ल्या. संध्याकाळी पाऊस. ती सुधारणा बारा दिवस चालली.

या जानेवारीत माझा उजवा गुडघा बसला. डॉक्टर म्हणाला, दहा किलो उतरवा, नाहीतर काठी धरा. काठी! ज्या माणसाने सिलिंडर वाहिले त्याने काठी धरायची! मी घरी कोणाला बोललो नाही. त्याच आठवड्यात आमचा सिलिंडर खाली फाटकाशी आला, आणि मी चप्पल शोधतोय तोवर साडूने तो खांद्यावर घेऊन वर आणून ठेवला. धाप नाही, काही नाही. माझ्या बायकोने त्याला ताक दिलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे सात वाजेपर्यंत.

तेव्हाच मनाने घेतलं की यात काहीतरी लबाडी आहे. हा माणूस कोपऱ्यापर्यंत चालत असणार आणि पुढे शेअर ऑटोत बसत असणार. पकडायचंच, असं ठरवून दुसऱ्या दिवशी चार वाजता मी ऑटोने स्टेशनजवळच्या बज्जीच्या गाडीवर जाऊन बसलो. नुसतं बसलं तर बरं दिसत नाही म्हणून एक प्लेट घेतली. चार बज्ज्या. तिसरी तोंडात होती तेव्हा साडू आला. पायी. शर्ट पाठीला चिकटलेला, बूट धुळीने पांढरे. मला पाहून थबकला. मी तोंड बंद केलं, पण आत गरम बज्जी होती, डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखट आहे का हो?" त्याने विचारलं. बस्स, एवढंच.

गाडीवर तळणाऱ्या अक्काने त्याला न विचारता एक बज्जी कागदावर दिली. ती त्याने इतकी हळू खाल्ली की माझी चौथी गार झाली. मग म्हणाला, "तुम्हाला वाटतं मला जमलंय. कसलं जमलंय, साडूभाऊ! चार वाजले की अजून पहिल्या दिवसासारखी जीभ खवळते. एक दिवस चालणं चुकलं तर सोळाच्या सोळा किलो दारात येऊन उभे राहतील, अशी भीती वाटते. तुमचं बरं आहे, तुम्ही कशाला भीत नाही."

"डॉक्टर काठी घ्या म्हणतोय," मी म्हणालो. कसं निघून गेलं तोंडातून कोण जाणे.

त्याने कागद चुरगाळून टाकला, हात पुसले. "मग चला," म्हणाला, "परत जाताना सोबत होईल."

शंभर पावलांत गुडघ्याने सुरुवात केली. मी दात आवळून चालत राहिलो, थांबा म्हणणार नव्हतो. रेल्वेच्या भिंतीशी साडूच एकदम थांबला. भिंतीवर कोणीतरी वारल्याचं पोस्टर होतं, इथे लावतात तसं. हार घातलेला फोटो, खाली तमिळमध्ये मजकूर. हात मागे बांधून त्याने ते ओळ न् ओळ वाचून काढलं. तोवर माझा गुडघा निवला. पुढे पाण्याच्या टाकीपाशी दुसरं पोस्टर, तिथेही तसंच. तिसऱ्या पोस्टरपाशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पस्तीस वर्षं इथे काढून या बँकेच्या साहेबाला तमिळचं एक अक्षर वाचता येत नाही.

राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याहून जास्त हेवा वाटला, की दुसऱ्यासाठी असं थांबणं मला जन्मात सुचलं नसतं.

"काय लिहिलंय हो, साडूभाऊ?"

तो गडबडला. "गेले बिचारे."

"ते हारावरूनही कळतं."

मग मीच पुढे झालो. तमिळ मला कोणी शिकवलं नाही, बसच्या पाट्या आणि कारखान्यातल्या नोटिसा बघून मी एकट्याने शिकलो आणि भरभर वाचतो. त्या संध्याकाळी मात्र एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. नाव, गाव, मागे कोण कोण आहे, वय चौसष्ट.

"आपल्याहून लहान," साडू म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "थांबा, खाली अजून दोन ओळी आहेत."