आधी मारलेली गाठ

पन्नाशीत प्रोग्रॅमिंगच्या क्लासला जायला लागले. त्या दिवशी माझा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, चालतच राहिला, कारण थांबायची अट लिहायलाच विसरलेले. वैतागून येताना माजिवड्याला गजरा घ्यायला थांबले.

गजरेवाल्या मावशी शेजारणीशी बोलत होत्या. नजर रस्त्यावर, बोटं मोगरा गुंफतायत. कळी डागाळलेली असली तर नुसत्या स्पर्शाने बाजूला जायची. मध्येच हात थांबले. गजरा बरोब्बर हातभर झालेला.

“न बघता कसं कळलं, मावशी?”

त्यांनी दोऱ्यातली बारीक गाठ माझ्या बोटाला लावली. “थांबायचं कुठे, ते आधी बांधून ठेवायचं गं. मग हात पळू दे कितीबी.”

मी गजरा माळायचाच विसरले. त्यांनी नवा दोरा घेतला, हातभर मोजला आणि एकही कळी न उचलता आधी गाठ मारली.