कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा

ही घटना मी आजवर पन्नास वेळा तरी सांगितली असेल. नव्या भरतीच्या पोरांना सांगितली, शाळांच्या कार्यक्रमांत सांगितली, लग्नाच्या पंगतीतही सांगितली. दर वेळी तिच्यातली एक गोष्ट मी गाळत आलो. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली. आता बढती नाही आणि बदलीही नाही, तेव्हा एकदा पूर्ण सांगून टाकतो.

शिराळा तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मी वाईचा, परीक्षा देऊन फौजदार झालेला, टापटिपीचा. माझ्या हाताखाली एक हवालदार होते, जत भागातले, मेंढपाळाच्या घरातले. वयाने माझ्यापेक्षा मोठे. आवाज कधी चढायचा नाही. ठाण्यात येणारा माणूस माझ्या केबिनवरून सरळ पुढे जायचा आणि विचारायचा, हवालदार कुठं हायत? मी आत खुर्चीत बसलेला असायचो. पाटी माझ्या नावाची, आणि विचारणा त्यांची. मला त्यांचा मत्सर वाटायचा. त्या काळात मी त्याला शिस्तीची काळजी म्हणत असे आणि महिन्यातून दोनदा तरी त्यांना रात्रपाळीला लावत असे.

ऊसतोड सुरू झाली होती. तोड सुरू झाली की उसात मुक्काम ठोकून असलेला बिबट्या उघड्यावर पडतो आणि त्याच दिवसांत पूर्वेकडच्या दुष्काळी भागातले मेंढपाळ कळप घेऊन इकडे उतरतात. मोकळ्या झालेल्या रानात जाळीचे कुंपण लावून मेंढ्या बसवतात, शेताला खत मिळते. त्या जाळीला वाघूर म्हणतात. त्या वर्षी दोन सख्खे भाऊ शेजारी शेजारी वाघूर लावून उतरले होते. वाटण्या झालेल्या, पण वाट एकच.

थोरल्याकडे माडग्याळी मेंढा होता. पोपटासारखे बाकदार नाक, लांब कान, चालला की लोक रस्त्यात थांबायचे. एके सकाळी तो मेंढा गेला. बिबट्याने वाघरीबाहेर राखणीला असलेला कुत्रा मारला, जाळी फाडली आणि मेंढा उसात ओढून नेला. वनरक्षकाने येऊन नुकसानीचा पंचनामा केला, फोटो काढले. थोरल्याने त्याच दिवशी चहाच्या टपरीवर दहा लोकांदेखत सांगितले की त्या वाघाला जित्ता सोडणार न्हाई. आमच्या भागात बिबट्यालाही वाघच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी उसात बिबट्या मेलेला सापडला. शेजारी अर्धवट खाल्लेला मेंढा, त्याच्या पोटात कीटकनाशक कोंबलेले. बाटली बांधावर, थोरल्याच्या वाघरीपासून हाकेच्या अंतरावर.

बिबट्या मारणे हा साधा गुन्हा नाही, काही वर्षांचा तुरुंग आहे. वन विभागाने गुन्हा नोंदवला, थोरल्याला उचलले, कोर्टाने तीन दिवसांची कोठडी दिली. वन विभागाला तिथे स्वतःचे लॉकअप नव्हते, म्हणून आरोपी आमच्याकडे आला आणि चौकशीत मदत करा असे पत्रही आले. मला आनंद झाला. धमकी आहे, कारण आहे, बाटली आहे. वर्तमानपत्रात नाव येण्यासारखे प्रकरण होते आणि त्यात हवालदारांची गरज नव्हती.

थोरला पन्नाशीचा माणूस. लॉकअपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. विष तू घातलेस का, या प्रश्नाला त्याचे एकच उत्तर असे. व्हय म्हनत न्हाई, न्हाई बी म्हनत न्हाई. आवाज चढवून पाहिला, चहा पाजून पाहिला. निरपराध माणूस ओरडतो, गुन्हेगार थापा मारतो. हा दोन्ही करीना.

पहिल्याच दिवशी, साडेअकराच्या सुमाराला, हवालदार पंचनाम्याचे फोटो घेऊन केबिनमध्ये आले. कुत्र्याचा फोटो त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"साहेब, ह्याच्या गळ्यात पट्टा न्हाई."

मी म्हणालो, मग?

त्यांनी बोटाने दाखवले. कुत्र्याच्या मानेभोवती केस झिजून गोल पट्टी पडली होती. नेमके त्याच पट्टीवर बिबट्याचे दात लागले होते. मेंढपाळाच्या राखणीच्या कुत्र्याला दिवस मावळताना खिळ्यांचा पट्टा बांधतात, खिळ्यांची टोके बाहेर. बिबट्या आधी गळा धरतो, खिळे टोचले की सोडतो. दिवस उजाडला की पट्टा काढायचा. बांधणारा हात घरातलाच असावा लागतो, कारण अंधार पडल्यावर तसला कुत्रा परक्याला मानेजवळ येऊ देत नाही. पट्टा तुटला असता तर तिथेच पडला असता. तो कुणीतरी काढून नेला होता.

बरोबर होते. ऐकतानाच मला कळले होते की हे बरोबर आहे. आणि म्हणूनच माझ्या पोटात दुखले. सकाळी मीही तेच फोटो चाळले होते, आणि मला मेलेला कुत्रा दिसला होता, यांना त्याचा गळा दिसला. मी म्हणालो, हवालदार, सरकार आपल्याला कुत्र्याचे पट्टे शोधायला पगार देत नाही. ते "जी साहेब" म्हणाले, फोटो फायलीत लावले आणि बाहेर गेले.

दोन दिवस गेले. या दोन दिवसांत गावाने थोरल्याच्या बायकोला रानातून कळप उठवायला लावला. वाघ मारणाऱ्याचे बिऱ्हाड शेतात नको, उद्या आमच्यावर शेकायचे. ती बाई मेंढ्या आणि घोड्यावरचे सामान घेऊन ठाण्यासमोरच्या माळावर येऊन बसली. धाकटा दीर तिच्या मदतीला होता. तोच दोन्ही वेळा भावासाठी भाकरी आणून द्यायचा आणि लॉकअपकडे न बघता निघून जायचा. मी ते पाहत होतो. हवालदारांना मात्र मी विचारले नाही. तिथे माझी मान वाकत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोठडी संपत आली आणि माझ्या हातात कबुलीजबाब नव्हता. मग मी थोरल्याला केबिनमध्ये बोलावले आणि मलाच सुचल्यासारखा प्रश्न टाकला. हवालदार दाराशी उभे होते. मी विचारले, कुत्र्याचा पट्टा कुणी काढला?

तीन दिवस दगडासारखा बसलेला माणूस खुर्चीवरून खाली फरशीवर आला. दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"सायब, तेवढं इचारू नका. इख म्याच घातलं. लिवून घ्या, अंगठा देतो."

आता कबुली समोरून चालत आली होती, आणि ती खोटी होती. त्या माणसाला पहिल्या सकाळपासून माहीत होते. पट्टा त्याने स्वतःच्या हाताने बांधला होता, आणि त्याच्याशिवाय तो कुत्रा एकाच माणसाला मान देत होता.

धाकट्याला आत घेतले. तिशीचा, बोलका, उत्तरे तयार करून आलेला. मी काही विचारले नाही, फक्त फोटो टेबलावर ठेवला. त्याने पाहिला, पुन्हा पाहिला आणि हवालदारांकडे बघून बोलायला लागला. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे.

मेंढा जन्मला तेव्हा त्याची आई मेली होती. धाकट्याने त्याला शेळीच्या दुधावर, स्वतःच्या घोंगडीत घेऊन जगवले. वाटणीत मेंढी थोरल्याची म्हणून पिल्लूही थोरल्याचे झाले. पुढे त्याचा मेंढा झाला, जत्रेत त्याच्यावर विजयाचा गुलाल पडला, कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो गावोगाव फिरला. त्यात थोरल्याचे नाव होते. मागे चारा धरून उभा असलेला माणूस अर्धाच दिसत होता. तो व्हिडिओ धाकट्याच्या फोनमध्ये होता, आणि त्याने तो किती वेळा पाहिला होता हे त्यालाच सांगता येईना.

"वाटलं, त्याचं बी नको, माझं बी नको. वाघ फिरतोय समद्यांना ठावं हुतं. पट्टा काढाय गेलो, तर कुत्र्यानं मान पुढं केली. रोजच्यावानी."

हवालदारांनी त्याला पाणी दिले. मग त्याने उरलेले सांगितले. सकाळी उसात जाऊन पाहिले तर मेंढ्याचे कान तेवढे ओळखू येत होते. त्याला रडू फुटले, आणि मग वाघाचा राग आला. शेतमालकाच्या खोपीतली बाटली त्यानेच उचलली. पट्टा त्याच्याच घोड्यावरच्या वाकळेत गुंडाळलेला सापडला.

थोरला सुटला. बाहेर आला, तेव्हा धाकट्याला आत नेत होते. त्याने भावाला हात लावला नाही आणि शिवीही दिली नाही. हवालदारांना एवढेच म्हणाला, "त्याला भाकरी मऊ लागती. दाढ दुखती त्याची." पुढे प्रत्येक तारखेला तो कोर्टाच्या आवारात भाकरी बांधून बसलेला असायचा.

आणि मी काय केले? मी अहवाल लिहिला. त्यात लिहिले की तपासादरम्यान मृत कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसल्याची बाब प्रभारी अधिकाऱ्याच्या निदर्शनास आली. खाली माझी सही. वरिष्ठांकडून प्रशस्तिपत्र मिळाले, ते चौकट करून आजही बैठकीत लावलेले आहे. हवालदारांनी तो अहवाल स्वतः टाइप केला होता. एक अक्षर बदलले नाही.

काही वर्षांनी ते निवृत्त झाले. आष्ट्याला मंगल कार्यालयात कार्यक्रम होता आणि मी प्रमुख पाहुणा. बोलायला उभा राहिलो आणि सवयीने हीच कथा सांगितली, फोटो मी कसा पाहिला आणि पट्टा मला कसा खटकला. समोरच्या रांगेत ते फेटा बांधून बसले होते, शेजारी त्यांची पत्नी. मी शेवटाला आलो आणि सभागृहात पहिली टाळी त्यांनी वाजवली. त्यांच्या पत्नीने वाजवली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बाईला सगळे माहीत आहे हे मला व्यासपीठावरच कळले. जेवताना ते स्वतः जिलेबी वाढायला आले आणि म्हणाले, "लय चांगलं बोललासा साहेब."

गुन्हेगारांना मी तीस वर्षे मत्सराचे दुष्परिणाम समजावत आलो. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. धाकट्याने निदान माझ्या टेबलासमोर उभे राहून पट्टा मीच काढला असे सांगितले होते. मला ते सांगायला इतकी वर्षे लागली, आणि हवालदार गेल्या श्रावणात वारले.

गळ्यात पट्टा नाही, हे त्यांनी पाहिले होते.