वीस बाटल्यांची बातमी

आमच्या भू-रसायन संस्थेचं पत्रक दर महिन्याच्या सुरुवातीला मेलवर येतं. 'सभासदांसाठी बातम्या आणि संधी' असं त्याचं नाव. कुणाला पदक मिळालं, कोण परदेशातल्या परिषदेत बोलून आलं, कुठल्या प्रयोगशाळेत जागा निघाली, प्रवासखर्चासाठी अर्ज कधीपर्यंत करायचा, सगळं त्यात असतं. सभासद झाल्यापासून मी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आले. 'मागच्या अंकात आम्ही चुकीचं छापलं' असं एक वाक्य त्यात मला कधी दिसलं नाही. एवढे शास्त्रज्ञ, आणि चूक म्हणून कधी नाहीच! पूर्वी मला याचं कौतुक वाटायचं. आता संताप येतो. कारण त्यांनी छापलेली एक चूक माझी आहे, आणि ती मागे घ्या म्हणून मी हात जोडले तर त्यांच्याकडे जागा नाही.

आमची वस्ती धारूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी, गावापासून जरा अलग. विहार, विहारापुढं लिंब, दोन बोअर आणि एक हातपंप. माझ्या आधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी भूशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि आता तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. हे मी मान वर करून सांगते. कुणाला फुशारकी वाटली तर वाटू दे.

वस्तीतल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. माझ्याही आहेत. शाळेत गुरुजी सगळ्यांसमोर उभं करून विचारायचे, "दात घासता का न्हाई रे?" आम्ही घासायचो. राखेनं घासायचो, पेस्ट आली तेव्हा पेस्टनं घासायचो, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासायचो. कॉलेजात पहिल्या वर्षी बाकावरच्या मुलीनं हळूच विचारलं, "तू गुटखा खातेस का गं?" त्यानंतर दोन वर्षं मी तोंडावर हात धरून हसले. पुढं वर्गात फ्लोराइड आलं. खडकातून पाण्यात काय उतरतं आणि पाण्यातून हाडात, दातात काय जातं, ते शिकले. त्या दिवशी मी हात खाली घेतला तो कायमचा.

पण मला समजून काय उपयोग? वस्तीनं ग्रामपंचायतीकडे पाणी शुद्ध करायच्या यंत्राची मागणी केली होती. ग्रामसेवक दर वेळी एकच म्हणायचे, "पाणी खराब हाय याचा कागद आणा." सरकारी तपासणीला नमुना दरवर्षी जातो म्हणे. त्याचा कागद वस्तीत कुणी बघितलेला नाही.

अशात पत्रकात एक संधी आली. सभासदांना वीस नमुन्यांची तपासणी मोफत, तीही मोठ्या यंत्रावर. मी अर्ज केला आणि माझी निवड झाली. कुरिअरनं वीस बाटल्या आल्या, पांढऱ्या, घट्ट झाकणाच्या, चिठ्ठ्या चिकटवलेल्या. त्यांच्यासोबत एक फॉर्म होता. त्यात एक चौकोन होता: नमुने सभासदाने स्वतः घेतले आहेत. त्याच आठवड्यात कॉलेजात परीक्षा लागल्या. तासिकेवाल्याला रजा मागायची सोय नसते. मी रविवारी वस्तीवर गेले, विहारापुढं बायका जमवल्या आणि एकेकीला समजावून सांगितलं. बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, चिठ्ठीवर लिहायचं, बोअर का हातपंप, कुणी भरलं.

माझी चुलती म्हणाली, "कोन बघनार हाय गं हे पानी?"

"मोठे शास्त्रज्ञ, काकू. लई लांब, मोठ्या शहरात."

"आपलं पानी?"

"आपलंच."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं, महत्त्व कळलं. पुढच्या मंगळवारी काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरकडून भरलेल्या बाटल्यांची पिशवी माझ्याकडे आली. चिठ्ठ्या चोख. एक थेंब कुठं सांडलेला नाही. मी फॉर्मवरच्या त्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि पेटी पाठवून दिली.

निकाल आला. फ्लोराइड सगळीकडे मर्यादेच्या खूप खाली. क्षार जवळजवळ नाहीतच. वीसही बाटल्या जणू एकाच भांड्यातल्या. मी चक्रावले. पण तेवढ्यात दुसरा मेल आला. संपादकांनी कळवलं होतं, तुमच्या कामाबद्दल चार ओळी आणि फोटो पाठवा, आणि वार्षिक अधिवेशनात सभासद म्हणून बोलायला या, प्रवास संस्थेकडून, सोबतचा फॉर्म सही करून पाठवा. मग मी चक्रावणं सोडून दिलं. खरं तेच लिहिते. मी कपाटातली चांगली साडी काढली आणि फोटो काढून घेतला.

पुढच्या अंकात माझा फोटो होता, वर मथळा: बीडच्या ग्रामीण वस्तीचे पाणी पिण्यायोग्य, सभासदाचा अभ्यास. त्यातलं माझं नाव तेवढं मायला अक्षरं लावून लावून वाचता आलं. मी प्रिंट काढून दिलेलं ते पान तिनं तेलगावला नेऊन लॅमिनेशन करून आणलं आणि आरशाशेजारी टांगलं. कुणीतरी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. गावातल्यांनी अंगठे दाखवले, हार घातलेल्या बाहुल्या पाठवल्या.

दोन आठवड्यांनी मी, माय आणि चुलती ग्रामपंचायतीत गेलो, यंत्राचं काय झालं विचारायला. ग्रामसेवकांनी खुर्च्या दिल्या. आजवर कधी दिल्या नव्हत्या. फाइल उघडून त्यांनी आतला एक कागद माझ्यापुढं सरकवला. माझ्याच बातमीची झेरॉक्स.

"मॅडम, आता यंत्र कशाला? पानी चांगलं हाय. तुमीच सांगितलंय, तेबी एवढ्या मोठ्या संस्थेतून."

"भाऊसाहेब, पोरांचे दात बघा," मी म्हणाले.

"दाताचं मला काय कळतंय? मी कागद बघतो. मागणी निकाली काढली."

माय एकदम उठून उभी राहिली. "निकाली? कावून? आमचं पानी कुठं चांगलं हाय? डाळ शिजत न्हाई त्याच्यात! चांगलं ते जारचं पानी होतं!"

मी म्हणाले, "कुठलं जारचं?"

"बाटल्यातलं. मंग काय पावन्याला बोअरचं पानी देनार व्हय?"

ग्रामसेवक आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघायला लागले, आणि पोट धरून हसले. चुलतीला वाटलं, अजून नीट समजलं नाही. ती मदतीला धावली. "सगळ्याजनींनी मिळून दोन जार आनले फाट्यावरच्या प्लांटमदून. थंडगार. तू सांगितल्यापरमानं चिठ्ठीवर बोअर, हातपंप लिवलं, तीनदा इसळल्या बाटल्या. त्याच पान्यानं इसळल्या, बरं का!"

वाटेत मी मायला नको ते बोलले. अडाणी म्हणाले. कॉलेजात शिकून मी जो शब्द पहिल्यांदा टाकून द्यायला पाहिजे होता, तो माझ्याच आईला लावला. ती लिंबापर्यंत तशीच चालत आली. तिथं टेकली आणि म्हणाली, "तुला काय ठाऊक? माझ्या सासूच्या काळात आपल्या हंड्याची सावली गावाला चालत नव्हती. माझं लगीन होऊन मी आले तवाबी गावातलं कुनी आलं तर भाईर उभं राहून बोलायचं. पानी देऊ का म्हनलं तर तहान न्हाई म्हनायचे. उन्हातान्हात, जीभ सुकलेली, आन तहान न्हाई! इतक्या वर्षात पहिल्यांदा कुनीतरी आपलं पानी मागून घेतलं. तेबी मोठ्या मान्सानं. तर त्याला खारट, पिवळं पानी देऊ?"

तिला अडाणी कुणी म्हणावं? बाटल्या कशासाठी हव्यात ते मी सांगितलं, पण नीट सांगितलं नाही. नमुना म्हणजे काय, पाणी जसं आहे तसंच का लागतं, हे समजावायला दहा मिनिटं लागली असती. मला परत जायची जीप गाठायची होती. आणि निकाल? बोअरच्या पाण्यात क्षार नाहीत हे बघून पहिल्या वर्षाचा पोरगासुद्धा थांबला असता. घरच्या हंड्याच्या बुडाला बोटभर पांढरा थर आहे, तो मी लहानपणापासून खरवडत आलेय. मी शिकलेली. मला काय दिसलं? माझं नाव दिसलं. आणि तो चौकोन. नमुने स्वतः घेतले म्हणून मी खोटी खूण केली होती.

त्याच संध्याकाळी मी संस्थेला सगळं खरं लिहून कळवलं. खुणेसकट. म्हणाले, कृपया पुढच्या अंकात दुरुस्ती छापा, कारण या बातमीवरून एका वस्तीचं पाणी अडलंय. उत्तर आलं, फार गोड भाषेत. आमचं पत्रक हे बातम्या आणि संधींसाठी आहे. दुरुस्तीचं सदर त्यात नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा. अधिवेशनातल्या भाषणावर याचा परिणाम होणार नाही.

परिणाम होणार नाही! कुणावर? मी परत लिहिलं, भाषण मी देते, पण याच चुकीवर देते: बाटल्या कशा भरल्या गेल्या आणि का. त्यावर उत्तर यायला दोन दिवस लागले. विषय सभेला साजेसा नाही, तुमची वेळ दुसऱ्या सभासदाला दिली आहे.

आमच्या विभागप्रमुख सरांच्या सहीवर मी सभासद झाले होते, म्हणून त्यांच्याकडे गेले. सर वाईट माणूस नाहीत. चहा मागवला. म्हणाले, "कशाला बोभाटा करतेस? कुणाला कळलंय? उद्या लोक म्हणतील, या लोकांना साधी बाटली भरता येत नाही. तुलाच जड जाईल."

"सर, बाटली त्यांना भरता येते. मला सांगता आलं नाही."

"तेच म्हणतोय. गप्प राहा. नाव झालंय ना?"

चहा तसाच ठेवून मी उठले. नाव झालंय. आमच्या पोरांनी ते नाव प्यायचं का? हजारो मैलांवरच्या खडकाच्या कणाएवढ्या फरकावर ही माणसं तासन्‌तास भांडतात, ते मी ऐकलंय. एका वस्तीच्या पाण्याबद्दल एक ओळ छापायची तर विषय साजेसा नाही. पत्रकात बातमीला जागा, संधीला जागा. खऱ्याला जागा करायला कुणाचं काय जातं?

मी एक दिवस कॉलेजला गेले नाही. त्या दिवसाचे तास बुडाले, बुडू दे. पाणी तपासणीच्या बाटल्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून आणल्या आणि पहाटे मायला घेऊन बोअरवर गेले. ती बाटली हातात घेऊन थांबली.

"हे देऊ?"

"हेच द्यायचं, माय. जेवढं खराब, तेवढं आपल्या कामाचं."

"तसं आधी सांगायचं व्हतंस."

"चुकले."

तिनं बाटली तीनदा विसळली, बोअरच्या पाण्यानं, आणि काठोकाठ भरली. बाकीच्या मी भरल्या. काही दिवसांनी कागद आला. त्यात काय लिहिलं होतं ते आमच्या वस्तीतल्या कुठल्याही पोरानं नुसतं हसून दाखवलं असतं.

तो कागद घेऊन आम्ही परत ग्रामपंचायतीत गेलो. निघताना मायनं आरशाशेजारचं लॅमिनेशन काढून काखेत धरलं.

ग्रामसेवकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "आता एक म्हनतो चांगलं, एक म्हनतो वाईट. मी कुठला धरू? आन पहिला तर छापून आलाय. संस्थेकडून चूक झाल्याचं पत्र आणा."

"संस्था देत नाही," मी म्हणाले. "बातमी माझ्या नावावर आहे. चूकही मीच लिहून देते."

तेवढ्यात मायनं लॅमिनेशन टेबलावर आपटलं. "ह्याच्यावर लिही. हे खरं हाय, तुमची ती झेरॉक्स हाय."

मी स्केचपेननं लिहिलं: हे पाणी जारचे होते. नमुने मी स्वतः घेतले नव्हते. चूक माझी आहे. खाली सही केली. चूक लिहिताना लाज वाटेल असं वाटलं होतं, तेवढी वाटली नाही. सही मात्र अधिवेशनाच्या फॉर्मवर केली होती, तेवढीच वळणदार आली.

"भाऊसाहेब, आवकचा शिक्का मारा," माय म्हणाली.

त्यांनी मारला. शिक्का प्लॅस्टिकवर बसेना. शाई पसरली, मायचं बोट लागलं तर माझ्या सहीसकट पुसून निघाली. ग्रामसेवक पुन्हा हसायला लागले. "बघा मावशी, ह्याच्यावर काय टिकत न्हाई."

मायनं त्यांच्या टेबलावरचं ब्लेड उचललं, कडेनं लॅमिनेशन चिरलं आणि दोन बोटांनी आतलं पान हळूच सोडवलं. जपून आणलेलं, आल्यागेल्याला दाखवलेलं. पान एका कोपऱ्यात जरा फाटलं. ते तिनं तळहातानं सपाट केलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"आता लिही परत."

मी माझ्या फोटोवरून आडवं लिहिलं, तेच, तेवढंच. सही केली. ग्रामसेवकांनी शिक्का मारला, तारीख घातली, आवक क्रमांक घातला आणि मागणी पुन्हा उघडल्याची नोंद फाइलवर केली. माय उभीच होती. त्यांनी मान वर केली, "आता काय?"

"पोच द्या."